क्वांटम संगणक एन्क्रिप्शन फोडणार, या बातम्या कशा वाचाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘एन्क्रिप्शन संपले’ अशी बातमी दर काही महिन्यांनी येते आणि तिच्या पाठोपाठ ‘हा सगळा पराचा कावळा आहे’ असे सांगणारेही येतात. अशा वेळी एखाद्या संस्थेची माहिती-यंत्रणा सांभाळणाऱ्याने कोणाचे ऐकावे, आणि आजच काही करावे की वाट पाहावी? प्रश्नात तीन बातम्यांचा उल्लेख आहे. पहिली डिसेंबर २०२४ मधील गुगलच्या ‘विलो’ चिपची. दुसरी, ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी डी-वेव्ह कंपनीच्या यंत्रावर ‘लष्करी दर्जाचे एन्क्रिप्शन’ फोडल्याची. तिसरी, दहा लाखांहून कमी क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक) वापरून आरएसए-२०४८ ही प्रचलित एन्क्रिप्शन पद्धत फोडता येईल असे सांगणाऱ्या मे २०२५ मधील शोधनिबंधाची.

माझे काम इतरांच्या यंत्रणांमधील एन्क्रिप्शन तपासण्याचे आणि बदलून देण्याचे आहे, त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. दुसरी बातमी सोडून द्यावी. पहिली खरोखर महत्त्वाची आहे, पण ज्या आकड्यामुळे ती गाजली त्या आकड्यामुळे नव्हे. तिसरी सर्वांत कमी गाजली आणि आमच्या कामासाठी तीच सर्वांत वजनदार आहे. तुमच्या यंत्रणेत काय करायचे याचे उत्तर मात्र या तिन्हींपैकी एकीवरही फारसे अवलंबून नाही. हे शेवटचे विधान अनेकांना पटत नाही, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

प्रथम, धोका नेमका कशाला आहे ते पाहू. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेला अल्गोरिदम पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर चालला, तर सार्वजनिक किल्लीवर (एक किल्ली सर्वांना जाहीर, तिची जोडीदार गुप्त) आधारलेल्या आजच्या तीनही प्रमुख पद्धती, म्हणजे आरएसए, डिफी-हेलमन आणि इलिप्टिक कर्व्ह, एकाच फटक्यात निकामी होतात. त्याला त्यांच्यातील गणिती आवर्तन शोधता येते, आणि किल्ली थोडी लांब केल्याने त्यातून सुटका होत नाही. एकच गुप्त किल्ली दोन्ही बाजूंनी वापरणाऱ्या एईएससारख्या पद्धतींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याविरुद्ध लव ग्रोव्हर यांचा १९९६ मधील अल्गोरिदम आहे, पण तो शोधाच्या पायऱ्या केवळ वर्गमुळाइतक्या कमी करतो. शिवाय त्या पायऱ्या एकामागून एकच कराव्या लागतात. शंभर यंत्रे एकत्र लावली तरी काम शंभरपट नव्हे, दहापटच लवकर होते. एईएस-२५६ बाबत झोप उडण्याचे कारण नाही, आणि एईएस-१२८ देखील व्यवहारात लगेच पडत नाही. ‘सगळे एन्क्रिप्शन मोडणार’ असे शीर्षक दिसले, की लेखकाने हा फरक केला आहे का ते पाहावे. केला नसेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नये.

आता ती ‘लष्करी दर्जा’ची बातमी. आरएसए फोडणे म्हणजे एका मोठ्या संख्येचे मूळ अवयव शोधणे, आणि मूळ निबंधात संशोधकांनी २२ बिटांच्या संख्येचे अवयव पाडले होते. २२ बिटांची संख्या जास्तीत जास्त सुमारे ४२ लाखांची असते. तिचा एक अवयव २,०४८ पेक्षा लहान असणारच, आणि त्याखालील मूळ संख्या सगळ्या मिळून ३०९ आहेत. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला शाळकरी विद्यार्थी हे काम दुपारभरात करील. व्यवहारात वापरली जाणारी आरएसए-२०४८ ची संख्या ६१७ अंकी असते. साध्या संगणकांनी फेब्रुवारी २०२० मध्येच ८२९ बिटांच्या, म्हणजे २५० अंकी आरएसए संख्येचे अवयव पाडले आहेत, आणि त्यात क्वांटम काहीही नव्हते. त्यातून डी-वेव्हचे यंत्र अ‍ॅनिलिंग प्रकारचे आहे. म्हणजे ते अनेक पर्यायांतून सर्वोत्तम निवडण्यापुरतेच बनलेले आहे, त्यावर शोर यांचा अल्गोरिदम चालतच नाही. अ‍ॅनिलिंगने संख्या मोठी होत गेली तरी काम आवाक्यात राहील, असे दाखवणारा सिद्धान्तही उपलब्ध नाही. निबंध लिहिणाऱ्यांपेक्षा शीर्षक देणाऱ्यांचा दोष इथे मोठा आहे, पण बातमी वाचणाऱ्याच्या दृष्टीने निष्पत्ती एकच.

अशा बातम्यांवर हसणारा एक वर्ग आहे, आणि त्याच्याशीही माझा वाद आहे. त्यांचा युक्तिवाद असा असतो: २००१ मध्ये आयबीएमने सात क्यूबिटांवर १५ चे अवयव पाडले, २०१२ मध्ये २१ चे पाडले, आणि एवढ्या वर्षांत गाडी त्यापुढे प्रामाणिकपणे सरकलेली नाही, म्हणून हे कधी होणारच नाही. यातील निरीक्षण बरोबर आहे. किंबहुना नंतरचे बरेचसे ‘विक्रम’ उत्तर आधी माहीत असल्याचा फायदा घेऊन मंडल (क्यूबिटांवर करायच्या क्रियांची मांडणी) सोपे करून घेतलेले होते. या प्रकाराची खिल्ली उडवण्यासाठी जॉन स्मोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हीच युक्ती वापरून २०,००० बिटांच्या संख्येचे अवयव चक्क नाणेफेक करून ‘पाडून’ दाखवले होते, आणि तो निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला होता. पण निरीक्षण बरोबर असले तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो.

शोर यांच्या अल्गोरिदमला अब्जावधी क्रिया न चुकता कराव्या लागतात, आणि आजचा क्यूबिट साधारण हजार क्रियांमागे एकदा किंवा त्याहूनही अधिक वेळा चुकतो. ही दरी त्रुटी-दुरुस्तीने भरून काढावी लागते, म्हणजे शेकडो भौतिक क्यूबिट एकत्र बांधून त्यांतून एक भरवशाचा ‘लॉजिकल’ क्यूबिट तयार करावा लागतो. ही दुरुस्ती चालू लागत नाही तोवर अवयव पाडण्याचा विक्रम २१ च्या आसपासच घुटमळणार. एकदा ती चालू लागली की छोट्या संख्येकडून मोठ्या संख्येकडे जाणे हे मुख्यत्वे तोच विटांचा साचा वापरून इमारत वाढवण्यासारखे काम उरते. वर्षानुवर्षे काहीच दिसणार नाही आणि मग थोड्या काळात बरेच काही दिसेल, असा हा प्रवास आहे. त्यामुळे ‘आतापर्यंत फोडलेली सर्वांत मोठी संख्या’ ही मोजपट्टी घाबरवणाऱ्यांच्याही उपयोगाची नाही आणि धीर देणाऱ्यांच्याही.

क्यूबिटांची संख्या ही तितकीच फसवी मोजपट्टी आहे. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये १,१२१ क्यूबिटांची ‘कॉन्डोर’ चिप जाहीर केली. डी-वेव्हच्या यंत्रात पाच हजारांहून अधिक क्यूबिट आहेत. विलोमध्ये फक्त १०५ आहेत, आणि तरीही मी या तिघांपैकी विलोच निवडीन. त्या प्रयोगात गुगलच्या गटाने एकच लॉजिकल क्यूबिट तीन आकारांत बांधला: ३ × ३, ५ × ५ आणि ७ × ७ अशा जाळ्यांत. जाळे मोठे केले की त्यात चुकणारे घटकही वाढतात, त्यामुळे क्यूबिटांचा दर्जा पुरेसा नसेल तर मोठे जाळे छोट्यापेक्षा वाईट चालते. आधीच्या प्रयोगांची अडचण हीच होती. विलोमध्ये आकाराच्या प्रत्येक पायरीला त्रुटीचा दर निम्म्याहून कमी झाला. नेमका गुणक २.१४ होता. दर्जा एका उंबरठ्यापलीकडे गेला तर असे घडेल, हे सिद्धान्ताने १९९० च्या दशकातच सांगितले होते. ते प्रत्यक्ष चिपवर एवढ्या स्पष्टपणे दिसणे ही या क्षेत्रातील खरी बातमी होती.

वृत्तपत्रांनी मात्र दुसराच आकडा उचलला: सर्वांत वेगवान महासंगणकाला १ वर २५ शून्ये इतकी वर्षे लागतील ते काम विलोने पाच मिनिटांत केले. हे काम म्हणजे यादृच्छिक मंडलांतून नमुने काढणे. ते क्वांटम संगणकाला सोपे आणि साध्या संगणकाला अवघड जावे म्हणूनच रचलेले आहे, आणि त्याचा एन्क्रिप्शनशी काडीचाही संबंध नाही. शिवाय अशा तुलनेत समोरचा प्रतिस्पर्धी म्हणजे त्या दिवशी माहीत असलेली सर्वोत्तम साधी पद्धत असते, आणि ती सुधारत राहते. २०१९ मध्ये ५३ क्यूबिटांच्या ‘सिकॅमोर’ने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील असे सांगितले गेले होते. आयबीएमने लगेच अडीच दिवसांचा हिशेब मांडला, आणि पुढच्या काही वर्षांत इतरांनी तो दावा आणखी खाली ओढला. विलोचा लॉजिकल क्यूबिटही केवळ माहिती धरून ठेवत होता, तिच्यावर गणना करत नव्हता, आणि ७ × ७ च्या जाळ्यातही दर फेरीला त्रुटी सुमारे ०.१४ टक्के होती. अब्जावधी क्रिया न चुकता करण्यापासून हे अजून फार दूर आहे.

तिसऱ्या बातमीत कोणतेही यंत्र नाही, आणि म्हणूनच ती गाजली नाही. गुगलचे संशोधक क्रेग गिडनी यांचा तो निबंध निव्वळ हिशेबाचा आहे. आरएसए-२०४८ फोडायला किती क्यूबिट लागतील याचे अंदाज कसे बदलले ते पाहा. २०१२ मध्ये तो अंदाज सुमारे एक अब्ज भौतिक क्यूबिटांचा होता. २०१९ मध्ये गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी तो दोन कोटींवर आणला, काम आठ तासांत होईल अशा मांडणीसह. २०२५ मध्ये तोच आकडा दहा लाखांच्या खाली आला, मात्र वेळ वाढून जवळपास आठवड्यावर गेला. शेवटच्या दोन अंदाजांमागील यंत्राविषयीची गृहीतके तीच आहेत: हजारात एक इतकी त्रुटी, दुरुस्तीची एक फेरी एका मायक्रोसेकंदात, आणि क्यूबिट फक्त शेजाऱ्याशी जोडलेले. म्हणजे यंत्र तसूभरही न सुधारता, केवळ अंकगणिताची मांडणी आणि त्रुटी-दुरुस्तीची पद्धत बदलून गरज वीसपटीने घटली. आपण सगळे यंत्राकडे डोळे लावून बसतो, आणि लक्ष्य मात्र पलीकडच्या बाजूने आपल्याकडे सरकत राहते. आजच्या शंभरेक चांगल्या क्यूबिटांपासून दहा लाखांपर्यंतचे अंतर अजूनही दहा हजारपटींचे आहे, आणि अतिशीत तापमानात एवढे क्यूबिट तारांनी जोडून आठवडाभर सलग चालवणे हे अभियांत्रिकीचे प्रचंड काम आहे. पण दोन टोकांपैकी एकच सरकते असे समजून केलेला कोणताही अंदाज लवकर शिळा होतो.

इथे एक जोड द्यावीशी वाटते. आरएसए सोडून इलिप्टिक कर्व्हकडे गेलेल्या अनेकांना आपण अधिक सुरक्षित झालो असे वाटते. साध्या संगणकांपुरते ते खरे आहे. क्वांटमच्या बाबतीत उलटे आहे, कारण शोर यांच्या अल्गोरिदमचा खर्च किल्लीच्या लांबीवर ठरतो आणि इलिप्टिक कर्व्हच्या किल्ल्या आखूड असतात. २०१७ मधील एका हिशेबानुसार २५६ बिटांच्या कर्व्हला २,३३० लॉजिकल क्यूबिट पुरतात. त्या काळच्या तशाच हिशेबात आरएसए-२०४८ ला चार हजारांहून अधिक लागत होते. आभासी चलनांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या (संदेश खऱ्या धन्यानेच पाठवल्याचा पुरावा) बहुतांशी याच कर्व्हवर उभ्या आहेत.

मायक्रोसॉफ्टच्या ‘मायोराना १’ विषयीही अधूनमधून विचारणा होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने टोपोलॉजिकल (रचनेमुळेच कमी चुकतील असे मानल्या जाणाऱ्या) क्यूबिटांची चिप बनवल्याचे जाहीर केले, पण सोबतच्या ‘नेचर’मधील निबंधाच्या परीक्षण-नोंदीत, या उपकरणांत त्यासाठी लागणारी मायोराना अवस्था असल्याचा हा पुरावा नव्हे, असे संपादकांनी स्वतःच नोंदवले होते. याच विषयावरचा २०१८ चा एक निबंध २०२१ मध्ये मागे घेण्यात आला होता. प्रसिद्धिपत्रक आणि निबंध यांच्यात एवढी तफावत असेल, तर निबंधावर विश्वास ठेवावा.

मग यंत्र केव्हा येणार? जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी उपयुक्त क्वांटम संगणकाला १५ ते ३० वर्षे लागतील असे म्हटले आणि क्वांटम कंपन्यांचे शेअर कोसळले. मार्चमध्ये त्यांनीच आपला अंदाज चुकल्याचे सांगितले. शेअर घेणाऱ्यासाठी हा आकडा निर्णायक असेल. यंत्रणा सांभाळणाऱ्यासाठी तो तीन आकड्यांपैकी एक आहे. क्रिप्टोग्राफीचे अभ्यासक मिशेल मोस्का यांची मांडणी साधी आहे: तुमची माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी, यंत्रणा बदलायला तुम्हाला किती वर्षे लागतील, आणि यंत्र यायला किती वर्षे आहेत. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्यापेक्षा मोठी असेल तर तुम्हाला आजच उशीर झालेला आहे. तिसऱ्या आकड्यावर जगभर चर्चा चालते आणि तो कोणालाच ठाऊक नाही. पहिले दोन तुमच्या स्वतःच्या घरातले आहेत, आणि ज्या संस्थांत मी जातो तिथे ते क्वचितच कोणी काढून ठेवलेले असतात.

पहिला आकडा महत्त्वाचा का, तर आज कूटबद्ध स्वरूपात जाणारी माहिती कोणीही साठवून ठेवू शकतो आणि यंत्र आल्यावर उलगडू शकतो. वैद्यकीय नोंदी, जनुकीय माहिती, राजनैतिक पत्रव्यवहार, कंपन्यांची रहस्ये यांचे आयुष्य दशकांत मोजले जाते. उलट एखाद्या खरेदीच्या व्यवहारातील तपशील वर्षभराने कोणाच्या कामाचा उरत नाही. सगळ्याच माहितीबद्दल सारखाच गजर करणारा सल्लागार भेटला, तर त्याने तुमची यंत्रणा पाहिलेली नाही असे खुशाल समजावे.

दुसऱ्या आकड्याबाबत इतिहास पुरेसा कठोर आहे. एमडी५ या हॅश पद्धतीतील (हॅश म्हणजे मजकुराचा आखूड ठसा) टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा निघणे, २००४ मध्येच जाहीर झाली होती, तरी २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने तिच्याच आधारे मायक्रोसॉफ्टचे खोटे डिजिटल प्रमाणपत्र (संकेतस्थळ वा सॉफ्टवेअर कोणाचे हे सांगणारा दाखला) तयार केले होते. एसएचए-१ या दुसऱ्या हॅश पद्धतीवरचा सैद्धान्तिक हल्ला २००५ मधला. ब्राउझरांनी ती असलेली प्रमाणपत्रे नाकारायला २०१७ उजाडले, आणि अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने ती पद्धत पूर्णपणे बाद करण्यासाठी २०३० अखेरपर्यंतची मुदत ठेवली आहे. हे दोन्ही बदल तुलनेने सोपे होते, कारण एका हॅशच्या जागी दुसरा हॅश बसवायचा होता. या वेळी किल्ल्यांचे आकार, संदेशांची लांबी, प्रमाणपत्रांची साखळी, स्वाक्षरीची उपकरणे असे सगळेच बदलते.

बदलाचा एक भाग आधीच झालेला आहे, आणि बहुतेकांच्या तो लक्षातही आलेला नाही. निस्टने २०१६ मध्ये नव्या पद्धतींसाठी आवाहन केले, आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानके प्रसिद्ध केली: किल्लीच्या देवाणघेवाणीसाठी एमएल-केईएम, आणि स्वाक्षरीसाठी एमएल-डीएसए व एसएलएच-डीएसए. मानके अंतिम होण्याआधीच सिग्नल या संदेश-सेवेने सप्टेंबर २०२३ मध्ये, अ‍ॅपलच्या आयमेसेजने २०२४ च्या सुरुवातीला आणि क्रोमने एप्रिल २०२४ मधील १२४ व्या आवृत्तीत क्वांटम-रोधक देवाणघेवाण चालू केली. सर्व्हरशी दुरून जोडणी करणारे ओपनएसएसएच तर २०२२ पासून ती आपोआप वापरते. तुमचे सर्व्हर आणि त्यांतील सॉफ्टवेअर अद्ययावत असेल, तर तुमच्या संदेशवहनाचा काही भाग आजही सुरक्षित झालेला असण्याची चांगली शक्यता आहे. देवाणघेवाणीला अग्रक्रम मिळाला तो योग्यच होता, कारण साठवून ठेवलेला संदेश मागाहून उलगडता येतो, पण कालच्या जोडणीवेळी तपासून झालेली स्वाक्षरी उद्या बनावट करून त्या जोडणीचे काही बिघडत नाही.

या सर्व ठिकाणी नवी पद्धत जुन्या इलिप्टिक कर्व्हच्या जोडीने वापरली जाते, आणि दोन्ही फुटल्याशिवाय संदेश उलगडत नाही. काही मंडळींना हा अनावश्यक भार वाटतो. मला तो मुळीच अनावश्यक वाटत नाही. निस्टच्या स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांपर्यंत टिकलेली ‘रेनबो’ ही स्वाक्षरी पद्धत फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉर्ड बॉयलेन्स यांनी एका लॅपटॉपवर शनिवार-रविवारच्या सुट्टीत फुटू शकते असे दाखवले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘साइक’ ही पद्धत वाउटर कास्त्रिक आणि थॉमस देक्रू यांनी साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात मोडली. दोन्हींना क्वांटम संगणकाची गरज पडली नाही. एप्रिल २०२४ मध्ये यिलेई चेन यांनी एमएल-केईएमच्या पायाशी असलेल्या लॅटिस (अनेक मितींतील बिंदूंची जाळी) समस्येवरच एक क्वांटम अल्गोरिदम मांडला, तेव्हा या क्षेत्रातील सर्वांचेच धाबे दणाणले होते. आठवडाभरात त्यात चूक सापडली आणि लेखकांनी ती मान्य केली. लॅटिसवरचा माझा विश्वास त्या आठवड्याने कमी झाला नाही, पण जोडीने वापरण्याचा आग्रह मात्र पक्का झाला. जुन्या पद्धतीची ३२ बाइटांची जादाची किल्ली हा त्यासाठी अगदीच किरकोळ खर्च आहे.

खर्च खरा आहे तो नव्या पद्धतींच्या आकारात. एमएल-केईएम-७६८ ची सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटांची आहे. त्यामुळे ब्राउझरचा पहिला संदेश एका पॅकेटात मावत नाही, दोनांत जातो. मानकाप्रमाणे यात काहीच गैर नाही, पण मधल्या काही जुन्या फायरवॉल आणि लोड बॅलन्सर पहिला संदेश एकाच पॅकेटात येणार असे धरून लिहिलेल्या होत्या, आणि त्यांनी जोडणीच तोडली. ‘काही ग्राहकांनाच संकेतस्थळ उघडत नाही’ अशी तक्रार आली, तर नेटवर्कच्या साखळीत हे आधी तपासावे. स्वाक्षऱ्यांचे प्रकरण याहून अवघड आहे. एड२५५१९ या इलिप्टिक कर्व्ह पद्धतीची स्वाक्षरी ६४ बाइटांची असते, एमएल-डीएसए-६५ ची ३,३०९ बाइटांची. एका सुरक्षित जोडणीत प्रमाणपत्रांच्या साखळीसह अशा अनेक स्वाक्षऱ्या जातात. प्रमाणपत्रांची बाजू मागे राहिली आहे ती मुख्यतः या आकारामुळे. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

तर तुम्ही काय करावे? यादी करावी. कुठे कोणती किल्ली, कोणत्या अल्गोरिदमची, कोणाच्या ताब्यात, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याची यादी. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला पर्याय नाही. माझ्या अनुभवात आश्चर्याचा धक्का वेब सर्व्हरवर कधीच बसत नाही. तो बसतो जुन्या व्हीपीएन पेटीत, दोन विभागांमधील रात्रीच्या फाइल-देवाणीत, स्वाक्षरीची किल्ली ठेवलेल्या सुरक्षा मॉड्यूलमध्ये, आणि संस्थेतच लिहिलेल्या अशा प्रणालीत जिच्या कोडमध्ये अल्गोरिदमचे नाव आणि स्वाक्षरीची लांबी थेट कोरलेली आहे. डेटाबेसमधला स्वाक्षरीसाठीचा तो २५६ बाइटांचा रकाना कोणी आणि का केला, हे सांगणारा माणूस बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.

बॅकअपविषयी एक बारकावा आहे. ‘आमचे बॅकअप एईएस-२५६ ने कूटबद्ध आहेत, म्हणजे आम्ही सुरक्षित’ असे मला अनेकदा सांगितले जाते. पुढचा प्रश्न विचारावा: ती एईएस किल्ली कशात गुंडाळून ठेवली आहे? ती आरएसए किल्लीने कूटबद्ध करून त्याच बॅकअपसोबत ठेवली असेल, तर एईएसच्या ताकदीला काही अर्थ उरत नाही.

मुदतींचा विचार केला तर, निस्टच्या नोव्हेंबर २०२४ मधील मसुद्यात आरएसए-२०४८ आणि त्याच ताकदीच्या पद्धती २०३० नंतर टाळाव्यात आणि २०३५ नंतर या जुन्या सार्वजनिक-किल्ली पद्धती पूर्णपणे बंद कराव्यात असे म्हटले आहे. तुम्ही त्या देशात असा वा नसा, सॉफ्टवेअर आणि उपकरणे विकणाऱ्या कंपन्या याच तारखांवर आपले वेळापत्रक बेततील.

‘क्वांटम-सेफ’ असा शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांबाबत विक्रेत्याला थेट विचारावे: कोणते मानक, कोणती आवृत्ती, जुन्या पद्धतीच्या जोडीने की एकटे. ‘आमचा स्वतःचा अल्गोरिदम आहे’ असे उत्तर आले की बैठक तिथेच संपवावी. क्वांटम किल्ली-वितरण, म्हणजे फोटॉनांच्या आधारे किल्ली पाठवणे, ही वेगळीच गोष्ट आहे. तिला खास उपकरणे आणि खास तारा लागतात, अंतराची मर्यादा आहे, आणि समोर खरोखर तोच माणूस आहे याची खात्री ती स्वतः देत नाही. त्यासाठी पुन्हा नेहमीचीच क्रिप्टोग्राफी आणावी लागते. सर्वसाधारण संस्थेने तिच्यावर पैसे घालू नयेत.

पैसे घालायचेच असतील तर आज विकत घेतल्या जाणाऱ्या आणि दहा-पंधरा वर्षे जागेवर राहणाऱ्या उपकरणांकडे आधी पाहावे: मीटर, नियंत्रक, वैद्यकीय यंत्रे, वाहने. देवाणघेवाण आधी आणि स्वाक्षरी नंतर हा क्रम इथे उलटा होतो. नवे फर्मवेअर (उपकरणातले अंगभूत सॉफ्टवेअर) खरे की खोटे हे उपकरण ज्या सार्वजनिक किल्लीने तपासते, ती अनेकदा कारखान्यातच कायमची बसवलेली असते, आणि ती आरएसए किंवा इलिप्टिक कर्व्हची असेल तर पुढे दुरून बदलता येत नाही. अशा तपासणीसाठी एलएमएस आणि एक्सएमएसएस या हॅशवर आधारलेल्या पद्धतींना निस्टने २०२० मध्येच मान्यता दिली आहे, आणि त्यांच्या सुरक्षेबद्दल फारसा वाद नाही. त्यांची अडचण दुसरी आहे: प्रत्येक स्वाक्षरीला आतली एक किल्ली कायमची खर्च होते, आणि तीच पुन्हा वापरली गेली तर खोटी स्वाक्षरी करणे शक्य होते. म्हणून स्वाक्षरी करणारे यंत्र बिघडल्यावर जुन्या बॅकअपवरून पूर्ववत केले, की मोजणी मागे जाते आणि वापरलेल्या किल्ल्या पुन्हा बाहेर येतात. निविदेत या पद्धतींचा आग्रह धरताना, खर्च झालेल्या किल्ल्यांची नोंद विक्रेता कुठे ठेवतो आणि यंत्र बदलावे लागल्यास ती नोंद कशी पुढे नेतो, हे लेखी मागून घ्यावे.